निसटती काच

गेल्या उन्हाळ्यात आई सांगलीहून आमच्याकडे न्यू जर्सीला आली, तेव्हा तिच्या जुन्या चष्म्याच्या उजव्या काचेवर मोठा चरा गेला होता. मी चष्म्याच्या काचा बनवणाऱ्या लॅबमध्ये काम करते. त्यामुळे डोळे तपासून घेतले, आईनं तिच्या पसंतीची बारीक उंचीची फ्रेम निवडली, आणि मी शनिवारच्या पाळीत स्वतःच काचा घासून बसवून आणल्या. चार दिवसांनी आई म्हणाली, "अगं, हा चष्मा लावला की तुमच्या घरातली जमीन एका बाजूला उतरती दिसते." मी नेहमीचं उत्तर दिलं, "नवीन नंबर आहे आई, होईल सवय."

सवय झाली नाही. पुढच्या आठवड्यात तळघरात उतरताना तिची शेवटची पायरी चुकली. कठडा हातात होता म्हणून निभावलं. त्या रात्री मी तिचा चष्मा पर्समध्ये टाकला आणि दुसऱ्या दिवशी लॅबमधल्या लेन्सोमीटरखाली धरला. डावी काच अगदी बरोबर होती. उजव्या काचेत सिलिंड्रिकल नंबर उणे २.५० होता, तोही बरोबर. पण त्याचा ॲक्सिस ९० अंशांवर हवा होता, तो ९८ वर निघाला. काच घासताना ब्लॉकखाली आठ अंशांनी फिरली होती, आणि मला पत्ताही लागला नव्हता.

आमच्या धंद्यात याला 'स्लिपेज' म्हणतात. चष्मा वापरणाऱ्यांना हा शब्द बहुधा ठाऊक नसतो, पण 'नवीन चष्म्यानं डोकं दुखतं' ही तक्रार सगळ्यांना ठाऊक असते. प्रत्येक डोकेदुखीमागे हेच कारण असतं असं नाही. पण हे कारण मोजता येतं, टाळता येतं, आणि यामागचं विज्ञान मला स्वतःला फार आवडतं, म्हणून हा लेख.

(एक खुलासा. हल्ली चष्म्याच्या बहुतेक 'काचा' प्लास्टिकच्या असतात. पण आपण मराठीत त्यांना काचच म्हणतो, आणि मीही तेच म्हणणार आहे.)

आधी ॲक्सिसबद्दल थोडं. साधा नंबर सगळ्या दिशांना सारखा असतो. अशी काच फ्रेममध्ये कशीही गोल फिरवली तरी फरक पडत नाही. सिलिंड्रिकल नंबर मात्र एकाच दिशेनं काम करतो, आणि ती दिशा ॲक्सिसवरून ठरते. काच त्या दिशेवरून ढळली की दोन गोष्टी एकदम होतात: हवी ती दुरुस्ती कमी पडते, आणि नको त्या दिशेला नवा दोष तयार होतो. उरलेला दोष काढायचं सूत्र सोपं आहे: नंबराची दुप्पट गुणिले ढळलेल्या कोनाची साइन. आईच्या बाबतीत २ × २.५० × साइन ८°, म्हणजे जवळजवळ ०.७० डायॉप्टर. हाच कोन ३० अंशांपर्यंत गेला तर उरलेला दोष मूळ नंबराएवढाच होतो, म्हणजे चष्मा असून नसल्यासारखा. अमेरिकेत लॅबसाठी जे मानक वापरतात, एएनएसआय झेड८०.१, त्यात १.५० डायॉप्टरपेक्षा जास्त सिलिंड्रिकल नंबराला फक्त २ अंशांची सूट आहे. नंबर पाव डायॉप्टर असेल तर तीच सूट १४ अंशांची आहे. म्हणजे ज्यांचा नंबर मोठा, त्यांच्या काचेला निसटायची मुभा सगळ्यात कमी.

जमीन उतरती का दिसली? सिलिंड्रिकल काच प्रतिमेला एका दिशेनं किंचित ताणते किंवा आवळते. ॲक्सिस ढळला की हा ताण तिरका होतो. एकाच डोळ्याची काच ढळलेली असली, की दोन डोळ्यांच्या प्रतिमा नीट जुळत नाहीत आणि मेंदू त्या फरकाचा अर्थ खोली किंवा उतार असा लावतो. ज्या माणसाला पायऱ्या उतरायच्या आहेत त्याला हा अर्थ महागात पडू शकतो.

आता काच घासतात कशी ते पाहू. आमच्याकडे काच येते ती ६५ ते ७५ मिलीमीटर व्यासाची गोल चकती असते. नंबर, कोटिंग, सगळं आधीच झालेलं असतं. ती फ्रेमच्या आकाराला कापायची. त्यासाठी काचेच्या पुढच्या बाजूला, मोजून ठरवलेल्या जागी, दोन्ही बाजूंनी चिकट असलेला एक पॅड लावतात आणि त्यावर प्लास्टिकचा छोटा ब्लॉक दाबून बसवतात. ब्लॉकला खाच असते. ती मशीनच्या पकडीत एकाच प्रकारे बसते. मागच्या बाजूनं रबरी टोकाचा दुसरा दांडा काच दाबून धरतो. मग काच सावकाश फिरते आणि तिच्या कडेला हिऱ्याची पूड बसवलेलं चाक जोरात फिरत ती खात जातं, वरून पाण्याची धार चालू असते. काच फ्रेमच्या संदर्भात कुठे आहे याची मशीनला असलेली सगळी माहिती त्या ब्लॉकमधून येते. ब्लॉक आणि काच यांच्यातलं नातं सुटलं तर मशीनला ते कळायला मार्ग नाही.

इथे भूमिती आपल्या विरुद्ध आहे. घरी जातं पाहिलेल्यांना आठवत असेल, खुंटा जात्याच्या कडेला असतो, मध्याजवळ नाही. कडेला जोर लावला की थोडक्यात पाळू फिरतं. चष्म्याच्या काचेत चाक कडेला जोर लावतं आणि आपण काच धरतो ती मधोमध. समजा चाकाचा ओढा १० न्यूटन आहे, म्हणजे एक किलोच्या वजनाएवढा. तो केंद्रापासून ३५ मिलीमीटरवर लागतो. ९ मिलीमीटर त्रिज्येच्या पॅडच्या कडेला तोच पीळ थोपवायचा तर जवळजवळ चार किलोंएवढा जोर धरायला हवा. आणि पॅड मोठा करत गेलो तर फायदा भराभर वाढतो. क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गानं वाढतं, त्यात हात, म्हणजे केंद्रापासूनचं अंतर, त्रिज्येएवढंच वाढतं. म्हणून पीळ सोसायची ताकद त्रिज्येच्या घनात वाढते. ब्लॉकचा व्यास १८ मिलीमीटरवरून २४ वर नेला की ताकद जवळजवळ २.४ पट. म्हणूनच मुरलेला कारागीर फ्रेममध्ये मावेल तो सगळ्यात मोठा ब्लॉक लावतो. आईनं निवडलेली फ्रेम बारीक होती, त्यामुळे तिथे छोटा ब्लॉकच लागणार होता. मोठा लावला असता तर तोही चाकाखाली आला असता.

आपल्या लहानपणी, म्हणजे खऱ्या काचेच्या काचा होत्या तेव्हा, निसटण्याची एवढी कटकट नव्हती. कटकट आली ती कोटिंगबरोबर, आणि कोटिंग जितकं चांगलं तितकी जास्त.

कोटिंग हवं कशाला? उघड्या पृष्ठभागावरून थोडा प्रकाश परततो. अपवर्तनांक १.५ असलेल्या काचेच्या एका बाजूवरून ४ टक्के. पातळ काचांसाठी वापरतात त्या १.६७ अपवर्तनांकाच्या प्लास्टिकवरून ६ टक्क्यांहून जास्त, आणि काचेला बाजू दोन. रात्री गाडी चालवताना समोरच्या दिव्यांची भुतं दिसतात ती यातूनच. १९३५ साली झाइसमधल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी यावर पातळ थराचा उपाय पेटंट केला. आज एकाऐवजी अनेक थर असतात, कमी आणि जास्त अपवर्तनांकाचे आलटून पालटून, निर्वात पेटीत बाष्प करून बसवलेले, आणि सगळे मिळून मिलीमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही पातळ. पण अशा काचेवर बोटाचा तेलकट डाग उठून दिसतो, कारण बाकीची चमक गेलेली असते. म्हणून सगळ्यात वर फ्लोरिनयुक्त रेणूंचा, काही नॅनोमीटर जाडीचा शेवटचा थर देतात. त्यावर पाणी टिकत नाही, तेल टिकत नाही, फडकं फिरवलं की काच लख्ख.

आणि पॅडही टिकत नाही. दुकानदार ज्या गुणासाठी ग्राहकाकडून जास्तीचे डॉलर घेतो, तोच गुण घासणाऱ्याच्या मुळावर येतो.

अळवावरचं पाणी आपल्याला नवीन नाही. पण अळवाच्या पानाची करामत दुहेरी आहे: मेणचट पृष्ठभाग आणि त्यावर सूक्ष्म उंचवटे. थेंब उंचवट्यांच्या टोकांवर बसतो, खाली हवा असते. काचेवर असे उंचवटे चालणार नाहीत, त्यांनी प्रकाश विखुरेल. तिथे सगळी भिस्त रसायनावर आहे. सपाट पृष्ठभागावर पाण्याचा थेंब किती फुगीर बसतो हे त्याच्या स्पर्शकोनावरून मोजतात. स्वच्छ काचेवर तो ३० अंश धरला आणि अशा कोटिंगवर ११५ अंश धरला, तर एक चौरस मीटर पाणी तिथून सोडवायला लागणारी ऊर्जा पहिल्या बाबतीत सुमारे १३४ मिलीजूल येते आणि दुसऱ्या बाबतीत ४२. जवळजवळ तिसरा हिस्सा. पॅडवरचा गोंद म्हणजे पाणी नव्हे, पण त्यालाही हाच अडथळा आहे: पृष्ठभागावर पसरल्याशिवाय त्याला धरता येत नाही.

गोंदाची आणखी एक पंचाईत आहे. दाबून चिकटणाऱ्या गोंदाला खालच्या पृष्ठभागाच्या बारीकसारीक जागेत शिरता यायला हवं, त्यासाठी तो मऊ हवा. थ्रीएम कंपनीतले कार्ल डाल्क्विस्ट यांनी याची मर्यादा सांगितली होती: गोंदाचा कडकपणा सुमारे ०.३ मेगापास्कलच्या वर गेला की तो चिकटेनासा होतो. पण मऊ गोंद पिळाखाली हळूहळू वाहतो. झटका दिला तर घट्ट राहतो, पण सतत एका बाजूला ओढत राहिलं तर मुंगीच्या पावलानं सरकतो. जाड काच घासायला जास्त वेळ लागतो आणि तेवढा वेळ तो ओढा चालूच असतो. शिवाय पॅडची कड उचलली गेली की तिथून पाणी आत शिरतं, आणि मग उरलेली पकडही जाते.

उपाय दोन टोकांनी येतात. एक काच बनवणाऱ्यांकडून. काही कंपन्या शेवटच्या निसरड्या थरावर आणखी एक तात्पुरता थर देतात, जो पॅडला धरू देतो आणि काम झाल्यावर कोरड्या फडक्यानं पुसून निघतो. त्यासाठी वापरलं जाणारं एक द्रव्य म्हणजे मॅग्नेशियम फ्लोराईड. गंमत अशी की एकेरी थराच्या जमान्यात चमक घालवण्यासाठी अनेक वर्षं हेच द्रव्य काचेवर कायमचं बसवत होते. आता ते पुसून टाकण्यासाठी बसवतात. असा थर असलेली काच जरा धुरकट दिसते. आमच्याकडे नवीन लागलेल्या एका मुलानं पहिल्याच दिवशी मोठ्या उत्साहानं ट्रेमधल्या सगळ्या काचा घासण्याआधी पुसून चकचकीत केल्या होत्या. त्याला कोणी रागावलं नाही, कारण त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

दुसरा उपाय आमच्या हातात असतो: पॅडच्या आधी काचेवर लावायची पातळ चिकट फिल्म. ती पॅडपेक्षा मोठी असते, त्यामुळे चिकटण्याचं क्षेत्र वाढतं आणि वर सांगितलेला घनाचा हिशोब आपल्या बाजूला येतो. तिचा गोंदाचा थर पातळ असतो, त्यामुळे पिळाखाली वाहायला त्यात वाव कमी. आणि तिची वरची बाजू साधं प्लास्टिक असते, त्यावर नेहमीचा पॅड छान धरतो. फिल्म दोन्ही बाजूंना लावायची. मागच्या रबरी टोकाखालची बाजू बरेच जण विसरतात, पण कोटिंग तिथेही तेच आहे. लावताना मधून कडेकडे अंगठ्यानं दाबत न्यायची. बुडबुडा राहिला तर तेवढी जागा गेली.

बाकी सगळं शिस्तीचं काम. काच कोरडी आणि स्वच्छ, हाताचं तेल नको, आणि पुसायला काय वापरता तेही पाहायचं, कारण पॉलिकार्बोनेटवर ॲसिटोन लागलं तर काचच खराब होते. पॅड ताजे, पाकीट बंद. ब्लॉकची वक्रता काचेच्या वक्रतेशी जुळती, नाहीतर पॅड फक्त कडेला किंवा फक्त मध्ये टेकतो. ब्लॉक दाबल्यावर लगेच मशीनला न लावता काही मिनिटं थांबायचं, कारण मऊ गोंदाला पसरायला वेळ लागतो. चाकाला धार हवी. बोथट चाक कापत नाही, ढकलतं. आणि मशीनमध्ये निसरड्या काचांसाठी वेगळा कार्यक्रम असतो, ज्यात चाक कमी कमी खातं आणि काचेचा फिरण्याचा वेग उतरतो, तो निवडायचा. वेळ जातो, पण पीळ कमी होतो.

मग पकडीचा दाबच का वाढवू नये? सगळ्यांना आधी हेच सुचतं. कोटिंगचे थर ऑक्साइडचे, म्हणजे ठिसूळ, आणि खाली लवचिक प्लास्टिक. जास्त दाबलं की काच किंचित वाकते, आणि वरचे थर वाकू शकत नाहीत म्हणून तडकतात. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा उमटतात. काही वेळा त्या लॅबमध्ये दिसत नाहीत, ग्राहकाला उन्हात दिसतात.

आणखी एक प्रश्न मला घरच्या पाहुण्यांनी विचारला आहे: आधी घासा आणि मग कोटिंग करा ना! पण कोटिंगच्या पेटीत एका वेळी खूप काचा गोल कड्यांमध्ये बसवून फिरवतात. प्रत्येक फ्रेमचा आकार वेगळा, त्या प्रत्येकासाठी वेगळं कडं कुठून आणायचं? शिवाय साधे नंबर तयार कोटिंगसह गोदामात पडलेले असतात, म्हणून तर चष्मा दोन दिवसांत मिळतो.

आता माझ्या चुकीकडे येते. काच आठ अंश फिरली तर ती फ्रेममध्ये बसलीच कशी? मलाही वाटायचं की निसटलेली काच आकारातच चुकते आणि टाकून द्यावी लागते. तसं होतं, पण काच शेवटच्या टप्प्यात निसटली तर. सगळ्यात जास्त पीळ असतो तो सुरुवातीला, जेव्हा चकती अजून पूर्ण मोठी असते आणि चाक भराभर खात असतं. काच तेव्हा फिरली आणि मग तिथेच घट्ट राहिली, तर त्यानंतर मशीन तिला बिनचूक आकारात कापतं. कड सुरेख, माप बरोबर, फ्रेममध्ये टचकन बसते. फक्त आतला नंबर वाकडा. आईची काच अशी होती. कोटिंग रोजचंच वाटलं म्हणून मी फिल्म लावली नाही, ब्लॉक छोटा होता, आणि शेवटची तपासणी मी उरकली. सुबक बसलेली काच पाहून माझं समाधान झालं होतं.

हे पकडण्याची युक्ती जुनी आणि फुकट आहे. घासण्याआधी मार्करनं काचेवर एक आडवी रेघ ओढायची, ब्लॉकवरून पलीकडे जाणारी. काम झाल्यावर ब्लॉक काढण्याआधी पाहायचं. रेघ तुटली असेल तर काच फिरली. आता आमच्याकडे कोटिंगचा नवीन प्रकार आला की मी एक खराब काच घेऊन तिला ब्लॉक लावते, ब्लॉकला आडवा दांडा, दांड्याच्या टोकाला वजन, आणि थोडा वेळ थांबून रेघ किती सरकली ते बघते. फिल्म लावून आणि न लावता, दोन्ही.

प्रोग्रेसिव्ह काचांचं दुखणं वेगळं. त्यांच्यावर ३४ मिलीमीटर अंतरावर दोन सूक्ष्म खुणा कोरलेल्या असतात, त्या आडव्या रेषेत हव्यात. काच ५ अंश फिरली तर एक खूण दुसरीपेक्षा ३ मिलीमीटर खाली जाते आणि वाचायची पट्टी नाकाकडून भलतीकडे सरकते. माणूस मान वाकडी करून वाचू लागतो. आणि काच न फिरता नुसती बाजूला सरकली तरी सुटका नाही: उणे ६ नंबराची काच ३ मिलीमीटर सरकली की १.८ प्रिझम डायॉप्टर डोळ्यांवर येतो.

तुमच्यापैकी बरेच जण भारतवारीत चष्मे करून आणतात किंवा घरबसल्या मागवतात, म्हणून घरी करता येईल अशी एक तपासणी सांगते. ज्यांच्या नंबराच्या कागदावर ॲक्सिस ९० किंवा १८० च्या अगदी जवळ आहे त्यांच्यासाठी ही सोपी आहे. चष्मा हातभर लांब, फ्रेम अगदी सरळ धरा आणि एका वेळी एकाच काचेच्या मध्यातून दाराच्या चौकटीची उभी कड पाहा. काचेतली कड आणि काचेबाहेरची कड एका सरळ रेषेत हवी. आता चष्मा थोडा डावीकडे-उजवीकडे फिरवा, काचेतली कड कात्रीच्या पात्यासारखी वाकडी होईल. फ्रेम सरळ धरलेली असतानाच ती वाकडी दिसत असेल, तर चष्मा दुकानात घेऊन जा आणि लेन्सोमीटरवर मोजून आकडे कागदावर लिहून मागा. एका मिनिटाचं काम आहे. ते आकडे नंबराच्या कागदाशी ताडून पाहा. ॲक्सिस तिरका, म्हणजे ४५ किंवा १३५ च्या आसपास असेल, तर चौकटीची युक्ती चालत नाही, थेट लेन्सोमीटरच.

आईची उजवी काच मी दुसऱ्या दिवशी पुन्हा केली. दोन्ही बाजूंना फिल्म, मधून ओढलेली रेघ, सावकाश कार्यक्रम. ॲक्सिस ९० आला. घरी आल्यावर तिनं चष्मा लावला, तळघराचा दिवा लावला आणि मला बाजूला व्हायला सांगून कठड्याला हात न लावता जिना उतरली. मग खालून विचारलं, "मग तेव्हा सवय होईल असं का म्हणालीस?"